घरच्या संगणकास एसएसडी घ्यावी काय?

जेसल पार्क परिसरातील पालकमंडळींशी बोलण्याचा योग आला म्हणजे मुलांच्या गुणांची चौकशी संपताच बहुधा घरच्या संगणकाची गोष्ट निघते. संगणक सुरू होण्यास पाच-सात मिनिटे लागतात, धाकट्याचा अभ्यास, थोरलीचा प्रवेशअर्ज व आईचे हिशेबाचे काम ह्या तिहींचा एकाच यंत्रावर तंटा होतो, एक दुकानदार म्हणतो, "एसएसडी टाका," दुसरा म्हणतो, "हे खटारे काढा व नवे घ्या." आता ह्या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तो प्रश्न असतो. मध्यम स्थितीच्या कुटुंबास हा प्रश्न लहान नव्हे. नवा संगणक म्हणजे कित्येक महिन्यांचे हप्ते. आणि एसएसडी घेतली व गुण आला नाही, तर तेही द्रव्य पाण्यात. यास्तव प्रस्तुत लेखात ह्या वस्तूचा मुळापासून विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थ्यांनी मध्ये येणारा हिशेब स्वतः कागदावर करून पाहावा. पालकांस हिशेबाचा कंटाळा आल्यास त्यांनी तो सोडून पुढे वाचावे, हरकत नाही.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की संगणकात स्मृती दोन प्रकारची असते. एक चालू कामापुरती. तिला रॅम म्हणतात. वीज गेली की तिच्यातील सर्व पुसले जाते. दुसरी कायमची, तिच्यात आपली पत्रे, छायाचित्रे आणि स्वतः विंडोजसारखी संचालनप्रणाली ही साठविलेली असतात. ही दुसरी स्मृती कित्येक वर्षे हार्डडिस्क ह्या यंत्रात ठेवण्याची वहिवाट होती. एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, ही त्याच जागी बसणारी, तेच काम करणारी, परंतु अगदी निराळ्या तत्त्वावर चालणारी वस्तू होय.

हार्डडिस्क म्हणजे काय, हे ज्यांनी ग्रामोफोन पाहिला आहे त्यांस सांगणे सोपे आहे. आत एक किंवा अनेक गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप असतो. तबकडी एकसारखी फिरत असते, आणि एका दांड्याच्या टोकाला असलेले डोके तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचते किंवा लिहिते. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते. हे डोके मात्र टेकत नाही, तर काही नॅनोमीटर अंतरावर हवेवर तरंगते. मनुष्याच्या केसाची जाडी ह्या अंतराच्या हजारो पट आहे. चालू संगणकास धक्का बसू देऊ नये असे जे सांगतात त्याचे कारण हेच. ह्या यंत्राचा मूळपुरुष १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने बाजारात आणला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवाढव्य सामग्रीत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्र त्यात कसेबसे बसेल.

आता हे यंत्र मंद का, ते पाहू. खाडीपलीकडे वसईच्या वाड्यांत ज्यांनी जुने रहाट पाहिले असतील त्यांनी ती माळ डोळ्यांपुढे आणावी. रहाटाची गाडगी एकामागून एक वर येतात. तुम्हांस हवे असलेले गाडगे नुकतेच पुढे निघून गेले असेल, तर ते फिरून येईपर्यंत उभे राहणे प्राप्त आहे. हार्डडिस्कची तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हवी ती जागा कधी लगेच येते, कधी पुरा फेरा घ्यावा लागतो, सरासरी अर्धा फेरा धरला तर ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी दांडा योग्य वर्तुळावर सरकावा लागतो. त्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद. एकूण १३ मिलिसेकंद झाले. लॅपटॉपमधील बहुतेक हार्डडिस्का मिनिटास ५४०० च फेरे घेतात, तेव्हा तेथे ही वाट याहूनही अधिक.

कोणी म्हणेल, सेकंदाचा तेरा हजारांश हा काय काळ आहे? परंतु संगणक सुरू होताना त्यास एकच मोठी वस्तू उचलावयाची नसते. तबकडीवर इतस्ततः विखुरलेले हजारो लहान तुकडे त्यास गोळा करावे लागतात. असे दहा हजार तुकडे आहेत असे समजू. प्रत्येकास १३ मिलिसेकंद धरल्यास १,३०,००० मिलिसेकंद, म्हणजे २ मिनिटे १० सेकंद, हे नुसते धावाधावीत गेले. हा हिशेब ठोकळ आहे. वाटेतले तुकडे एकाच फेरीत उचलण्याची युक्ती संगणकास ठाऊक असते. पण त्याच वेळी विषाणूरोधक कार्यक्रम तपासणी करू लागतो, विंडोज आपली सुधारणा उतरवून घेऊ लागते, आणि बिचारा दांडा कधी ह्याच्यासाठी तर कधी त्याच्यासाठी पुढेमागे धावतो. पेटीतून जो कुरकुर आवाज ऐकू येतो तो ह्या धावण्याचा. मुलगा ओरडतो, "बाबा, अडकला!" तो अडकलेला नसतो, रहाटाशी उभा असतो.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिच्या आत सिलिकनच्या चकत्यांवर अतिसूक्ष्म कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात विद्युत्कण कोंडून ठेवता येतात. आपल्या भाईंदरकरांस ह्यासाठी दूर जावयास नको, मिठागर आठवावे. मिठागरातील चौकोनी वाफ्यांत बांध घालून पाणी अडवितात. वाफ्यात पाणी आहे की नाही, व असल्यास किती, हे पाहून जर आपण अक्षरे ठरविली, तर सबंध मिठागर म्हणजे एक मोठी वही होईल. एसएसडीतील कप्प्यांभोवती असा विद्युद्रोधक पदार्थाचा बांध असतो. विद्युत्कण त्यात एकदा कोंडले की वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. कोणताही कप्पा वाचावयाचा झाला तरी फेऱ्याची वाट पाहावी लागत नाही. एका वाचनास साधारणतः एक-दशांश मिलिसेकंद पुरतो. म्हणजे वरील दहा हजार तुकडे एका सेकंदात हाती येतात. दोन मिनिटे दहा सेकंद एकीकडे व एक सेकंद दुसरीकडे, हा ह्या साऱ्या प्रकरणातील कळीचा आकडा होय.

विद्युत्कण असे कोंडून ठेवण्याची कल्पना १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग व सायमन झी ह्या दोघांनी मांडली. तिला आजचे रूप जपानातील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका ह्यांनी दिले. नॅन्ड ह्या नावाची जी रचना आजच्या एसएसडीत असते ती त्यांनी १९८७ साली जगापुढे ठेविली. १९९१ साली अशा चकत्यांची जी पहिली ड्राइव्ह बाजारात आली तिच्यात अवघे २० मेगाबाइट मावत आणि किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. न फिरणारी कायम स्मृती ही कल्पना मात्र ह्याहूनही जुनी असून ती आपल्या मुंबईस अपरिचित नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' ह्या संगणकात फेराइटच्या चिमुकल्या चुंबकीय कड्यांची स्मृती होती. तिच्यात प्रत्येकी ४० अंशांचे २०४८ शब्द मावत. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा. आठ अंशांचा एक बाइट धरल्यास उत्तर १०,२४० बाइट येते. प्रस्तुत लेखही त्यात पुरता मावला नसता.

असो. एसएसडी वेगवान आहे हे सिद्ध झाले. पण तो वेग आपल्या उपयोगी किती पडतो हा प्रश्न निराळा आहे, आणि दुकानात नेमका ह्याच ठिकाणी घोटाळा होतो. संगणक सुरू होणे, कार्यक्रम उघडणे, अनेक कामे एकदम चालणे ह्यांत एसएसडीचा गुण डोळ्यांस दिसतो. एखादी मोठी चित्रफीत एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावयाची असेल तर फरक पडतो, परंतु तो तीन-चार पटींचा. कारण तेथे हार्डडिस्कचा दांडा शांतपणे एकाच रांगेने वाचीत जातो व सेकंदास शंभर-दीडशे मेगाबाइट देतो. साधी एसएसडी सुमारे पाचशे देते. आणि उघडलेल्या पानावर निबंध लिहिणे, यूट्यूबवर धडा पाहणे, शाळेच्या शिक्षकांशी दूरस्थ वर्गात बोलणे, ह्यांत एसएसडीने यत्किंचितही वेग येत नाही. तेथे इंटरनेटची तार व रॅम ह्यांचा कारभार असतो. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी जर संकेतस्थळच गर्दीने बसले असेल, तर घरी कसलीही ड्राइव्ह असो, रांग सुटत नाही.

रॅमचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगतो. संगणकात रॅम ४ गिगाबाइट किंवा त्याहून कमी असेल, तर चालू काम तिच्यात मावत नाही; मग संगणक उरलेले काम कायम स्मृतीवर उतरवून ठेवतो व लागेल तसे परत घेतो. हार्डडिस्क असल्यास ह्या ने-आणीत जीव जातो. एसएसडीने ही ने-आण सुसह्य होते. पण घरात जागा नाही म्हणून सामान जिन्यात ठेवण्याची पाळी टळत नाही. तेव्हा रॅम ८ गिगाबाइट करून घेणे व एसएसडी बसविणे ही दोन्ही कामे बरोबरच करावीत. एकाच कामापुरते पैसे हाती असतील आणि रॅम ४ असेल, तर आम्ही एसएसडीच प्रथम घेऊ. रॅम २ असेल, तर मात्र त्या यंत्रावर काहीच खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट जेसल पार्कच्या रहिवाशांनी विशेष ध्यानात ठेवावी. येथे खाडीचा दमट व खारा वारा बाराही महिने असतो. खिडकीच्या लोखंडी गजांची जी अवस्था तो करितो तीच हळूहळू संगणकातील जोडांची करितो. त्यात पंख्याने ओढलेली धूळ बसते. यंत्र मध्येच बंद पडणे, चालूच न होणे, ह्यांचे खापर पुष्कळदा हार्डडिस्कवर फुटते. वास्तविक दोष रॅमच्या मळलेल्या टोकांत असतो. कारागीर रॅम काढून तिची पिवळी टोके पेन्सिलीच्या रबराने हलकेच पुसतो व यंत्र चालू होते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. एसएसडीचे पैसे देण्यापूर्वी हा एका रबराचा उपाय करून पाहण्यास कोणती हानी आहे?

आता खरेदी. एसएसडी दोन आकारांत मिळते. एक अडीच इंची, चपट्या डबीसारखी. ती जुन्या डेस्कटॉपमध्ये व बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये साटा नावाच्या जोडावर बसते. दुसरी एम.२ म्हणून ओळखली जाते. ती उघडी पट्टी असून बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते. ह्या पट्टीतही दोन जाती आहेत, साटा व एनव्हीएमई, आणि वरून दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. एनव्हीएमई कागदावर फार वेगवान. सेकंदास साडेतीन हजार मेगाबाइट व त्याहूनही अधिक. साटाच्या साडेपाचशेपुढे हा आकडा डोळे दिपवितो. पण आपण वर पाहिलेच की घरच्या कामात मुख्य लाभ रहाटापासून सुटका होण्याचा आहे, आणि ती सुटका साध्या साटा एसएसडीनेही होते. पुढची सहापट घरातल्या माणसास बहुधा जाणवतही नाही. शिवाय जुन्या मदरबोर्डावर एनव्हीएमईवरून संगणक सुरू होतोच असे नाही. चित्रफितींचे संकलन करणारा कोणी घरात असेल तर गोष्ट वेगळी. नवा संगणकच घ्यावयाचा असेल तर त्यात एनव्हीएमई आपोआप येते, तेव्हा तेथे हा वादच नको. मात्र जुन्यासाठी अडीच इंची साटा हीच योग्य वस्तू होय.

आकार किती घ्यावा? विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट लागतात असे तिचे कर्ते सांगतात, पण तेवढ्यात हातपाय पसरण्यास जागा राहत नाही. २४० किंवा २५६ गिगाबाइट हे अभ्यासाच्या संगणकास पुरे होते. छायाचित्रांचा संग्रह जुन्या हार्डडिस्कवरच राहू द्यावा. डेस्कटॉपमध्ये दोन्ही एकत्र नांदतात. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी बसणारी कॅडी मिळते, तिच्यात जुनी हार्डडिस्क ठेवता येते. ५०० गिगाबाइटची एसएसडी घेतल्यास संगणक ४६५ दाखवितो, त्यावरून दुकानदाराशी भांडू नये. विकणारे हजाराच्या पटीने मोजतात व विंडोज १०२४ च्या पटीने; ५०० अब्ज बाइटांस १०२४ ने तीनदा भागले म्हणजे ४६५ च येतात. हेही उदाहरण वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

भावाविषयी आम्ही आकडा देत नाही, कारण तो टिकावयाचा नाही. स्मृतीच्या चकत्या जगात थोडेच कारखाने करितात. मागणी वाढली की भाव सर्वत्र चढतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणककेंद्रांच्या मागणीमुळे असेच झाले. ग्रँट रोड स्थानकाजवळ लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, मुंबईतील संगणकवस्तूंचा जुना बाजार आहे. भाईंदरहून पश्चिम रेल्वेने तेथे जाता येते. दोन-चार दुकाने फिरून, ऑनलाइन भाव पाहून मग घ्यावे. पक्के बिल घ्यावे. त्यात शेकडा १८ वस्तू व सेवा कर असतो, तो वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. कारण तीन किंवा पाच वर्षांची जी हमी मिळते ती त्या बिलावर व वस्तूच्या क्रमांकावर असते. फारच स्वस्त व फारच मोठी एसएसडी दिसली की सावध व्हावे. नावाला एक-दोन टेराबाइट आणि आत त्याच्या अंशानेही जागा नाही, अशा बनावट वस्तू बाजारात असतात. घरी आणल्यावर प्रथमच ती मोठ्या फायलींनी भरून पाहावी व त्या पुन्हा उघडतात की नाही हे तपासावे.

"एसएसडी झिजते म्हणे?" असे पालक विचारतात. झिजते, हे खरे आहे. मिठागराचा बांध वारंवार फोडला व घातला तर तो जसा ठिसूळ होतो, तसाच प्रत्येक लिखाणाबरोबर कप्प्याभोवतीचा रोधक थर किंचित क्षीण होतो. त्यात आणखी एक खुबी अशी की एसएसडीत एकटा कप्पा पुसता येत नाही. पाटीवर आपण एकेक ओळ लिहू शकतो. पण समजा, ओल्या फडक्याने सबंध पाटीच पुसावी लागते असा नियम असता, तर जपून ठेवावयाच्या ओळी आधी दुसऱ्या पाटीवर उतरून घ्याव्या लागल्या असत्या. एसएसडीतील नियंत्रक रात्रंदिवस हेच करितो, आणि सर्व पाट्या सारख्या झिजाव्यात म्हणून तो लिखाण आळीपाळीने वाटून देतो. आता झिजण्याचा हिशेब पाहा. ५०० गिगाबाइटच्या चांगल्या एसएसडीवर ३०० टेराबाइट लिखाणापर्यंत हमी मिळते. घरच्या संगणकावर रोज २० गिगाबाइट लिहिले जातात असे मानले, आणि हे मान सढळच आहे, तरी वर्षास ७.३ टेराबाइट होतात. भागाकार केला तर ४१ वर्षे येतात. तितकी वर्षे तो संगणक, ते टेबल व बहुधा ते घरही आपल्यापाशी राहणार नाही. तेव्हा झिजण्याच्या भीतीने एसएसडी न घेणे म्हणजे चप्पल झिजेल म्हणून अनवाणी चालणे होय.

परंतु जिची भीती बाळगावी अशी गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याविषयी दुकानात कोणी बोलत नाही. हार्डडिस्क मरावयास टेकली म्हणजे बहुधा काही दिवस आधी कण्हते. टकटक वाजते, फायली उघडण्यास विलंब लागतो. शहाणा मनुष्य तेवढ्यात आपली चीजवस्तू बाहेर काढतो. एसएसडी पुष्कळदा न सांगता जाते. काल रात्री चालू होती, आज सकाळी संगणकास ती दिसतही नाही. झिजेने नव्हे, तर नियंत्रकाच्या बिघाडाने असे होते, आणि मग आतले परत मिळविणे अतिशय कठीण व खर्चाचे असते. चुकून पुसलेली फाईलही तिच्यातून सहसा परत येत नाही. कारण पुसलेली जागा पुढील लिखाणास तयार ठेवण्यासाठी ती खरोखरच रिकामी केली जाते. तसेच एसएसडी कपाटात वर्षानुवर्षे बंद करून ठेवण्याची वस्तू नव्हे. कोंडलेले विद्युत्कण सावकाश झिरपत असतात, आणि उष्णतेने अधिक झिरपतात. लिखाणाची मर्यादा संपलेली घरगुती एसएसडी ३० अंश उष्णतेत विजेवाचून एक वर्ष मजकूर राखील, एवढीच तिच्याकडून मान्य प्रमाणानुसार अपेक्षा आहे. नवीन एसएसडी त्याहून पुष्कळ अधिक टिकते, तथापि आपल्याकडील एप्रिल-मे महिने सर्वांस ठाऊक आहेतच.

म्हणून ज्या घरात एकच संगणक व त्यात आजीआजोबांची, बारशाची, गणपतीची सारी छायाचित्रे, दाखले व गुणपत्रिका आहेत, त्या घराने एसएसडीच्या आधी दुसऱ्या प्रतीची व्यवस्था करावी. एका छायाचित्रास ४ मेगाबाइट धरल्यास एका गिगाबाइटात २५० मावतात. दहा हजार छायाचित्रांस ४० गिगाबाइट पुरतात. एवढ्यासाठी मोठा खर्च नको. एक प्रत संगणकात, दुसरी त्याबाहेर, आणि शक्य असल्यास तिसरी गावच्या घरी. एसएसडी गेली तर पैसे जातील. दुसरी आणता येईल. आजीचा आवाज असलेली चित्रफीत पुन्हा आणता येत नाही.

आता त्या दोन दुकानदारांकडे वळू. एक उदाहरण घेऊ. २०१४ च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप, एक टेराबाइट हार्डडिस्क, ४ गिगाबाइट रॅम. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत. असा संगणक एसएसडी व आणखी ४ गिगाबाइट रॅम घातल्यावर पुन्हा उभा राहतो ह्यात संशय नाही, आणि खर्च नव्या यंत्राच्या लहानशा अंशात भागतो. अडचण दुसरीकडे आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बहुधा २०१८ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. २०१४ चे यंत्र त्यात बसत नाही. एसएसडीने म्हातारा घोडा धावू लागेल, पण त्यास नव्या दरवाजातून आत घेणार नाहीत, अशी ही स्थिती. तेथे दोन मार्ग उरतात. घरातील काम जर लिहिणे, वाचणे, इंटरनेट व शाळेचा अभ्यास एवढेच असेल, तर लिनक्स ही मोफत संचालनप्रणाली घालावी. केरळातील सरकारी शाळांत कित्येक वर्षे मुले तिच्यावरच शिकत आली आहेत, तेव्हा ती आपल्या मुलांस अवघड जाईल असे मानण्याचे कारण नाही. मराठीही तिच्यात उत्तम लिहिता येते. पण आईचे हिशेबाचे काम विंडोजवरच चालणाऱ्या कार्यक्रमात असेल, आणि त्यात लोकांचे व्यवहार व बँकेची माहिती असेल, तर दुसरा दुकानदार खरे बोलत होता. नवे किंवा दुरुस्त केलेले थोडे अलीकडचे यंत्र पाहावे, आणि जुने एसएसडीसह मुलांच्या अभ्यासास ठेवावे. २०१८ नंतरचा संगणक असून त्यात अजूनही हार्डडिस्कच असेल, तर मात्र विचार करीत बसू नये. त्यास एसएसडी बसविण्याइतका फलदायी खर्च दुसरा नाही.

बसविण्याचे काम कठीण नाही. दहावीच्या मुलाने वडिलांच्या देखरेखीखाली करावे, इतपत सोपे आहे. संगणकाची तार भिंतीतून काढावी; झाकण उघडून आतल्या धातूच्या सांगाड्यास क्षणभर हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते; एसएसडीस साटाची चपटी तार व विजेचा जोड लावावा, आणि ती हलणार नाही अशी स्क्रूने बसवावी. जुन्या हार्डडिस्कवरील संचालनप्रणाली जशीच्या तशी उतरून घेण्याचे कार्यक्रम मिळतात. पण जुना कचराही त्याबरोबर येतो, म्हणून आम्ही नव्याने घालणेच पसंत करितो. नवी प्रणाली घालताना जुन्या हार्डडिस्कची तार काढून ठेवावी. घाईत भलतीच ड्राइव्ह निवडून सारे पुसले गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

जुनी हार्डडिस्क सुस्थितीत असेल तर ती यूएसबीच्या पेटीत, जिला बाजारात केसिंग म्हणतात, घालून दुसऱ्या प्रतीसाठी वापरावी, आणि महिन्यातून एकदा जोडून पाहावी. ती टकटक वाजू लागली असेल तर मात्र तिचा मोह धरू नये. भंगारवाल्यास देण्यापूर्वी एवढे करावे की फायली नुसत्या कचरापेटीत टाकून न थांबता सबंध डिस्कवर एकदा नवे लिखाण करवून घ्यावे. ती चालतच नसेल तर तिच्या तबकड्यांस ड्रिलने दोन-तीन भोके पाडावीत. मात्र काही तबकड्या काचेच्या असतात व त्यांचे तुकडे उडतात, म्हणून हे काम मोठ्या माणसाने डोळ्यांवर चष्मा लावून करावे. आधारकार्डाची प्रत, बँकेचे कागद, मुलांचे दाखले हे सर्व त्या डिस्कवर पूर्ववत असते, आणि भंगाराचा हातगाडा कोठे जातो हे आपणांस ठाऊक नसते. त्यानंतर ती इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.